खुर्चीच्या पाठीवरचा नंबर खरवडू नका

मंडळी, आज राजकारणावर लिहीत नाही. म्हणजे खुर्चीवरच लिहितोय, पण लाकडी.

जळगावात नवीन बंगला किंवा फ्लॅट घेणाऱ्यांमध्ये सध्या 'व्हिंटेज' खुर्चीचं खूळ आलंय. हॉलच्या कोपऱ्यात उंच पाठीची, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानासारखे पंख काढलेली एक गुबगुबीत खुर्ची, शेजारी पितळी दिवा आणि मागे वारली चित्र. त्या खुर्चीला 'विंगबॅक' म्हणतात, हे आता आपल्याकडच्या फर्निचरवाल्यांनाही पाठ झालंय. पत्रकार म्हटलं की लोकांना वाटतं याला सगळ्या धंद्यांची अंडीपिल्ली माहीत असणार. त्यामुळे 'भाऊ, अँटिक खुर्ची कुठं मिळेल? फसवणार तर नाही ना?' असे फोन मलाही येतात.

या वेळी गरज माझ्याच घरी निघाली. आमचे नाना ७९ वर्षांचे. गुडघे गेलेत. सोफ्यात बसले की उठवायला माणूस लागतो आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांचा विश्वास नाही. म्हणून दोन महिने जळगाव-धुळे रस्त्याच्या दोन्ही टोकांना खुर्च्या बघत फिरलो. त्यातून कळलेलं सांगतो. अर्धं घरच्या उपयोगाचं आहे, अर्धं सरकारी आहे.

आधी पंखांचं. ही खुर्ची मूळची इंग्लंडची, सतराव्या शतकाच्या शेवटी तिकडे रूढ झाली. मोठाली घरं, दाराखिडक्यांच्या फटींतून घुसणारा गार वारा आणि उबेला एकच शेकोटी. शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची. म्हणून पाठ उंच केली, बाजूंना पंख काढले, आत घोड्याचे केस भरले आणि वरून जाड कापड नाहीतर चामडं ठोकलं. वारा अडवायचा आणि ऊब धरून ठेवायची, एवढंच त्या पंखांचं काम. तिकडे तिला आजोबांची खुर्ची असंही म्हणतात.

आता हीच खुर्ची जळगावच्या मे महिन्यात ठेवून बघा. पारा ४५ वर, लाइट गेलेली, आणि तुम्ही फोम-मखमलीत कानापर्यंत बुडालेले. पहिल्याच दुकानात नानांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हिले पंख शेत, पन वारा काही लागनार नही." दुकानदारसुद्धा हसला. फक्त एक गोष्ट पंखांच्या बाजूने सांगायला हवी. ज्या घरात कूलरचा झोत थेट डोक्यावर येतो, तिथे म्हाताऱ्या माणसाचा कान त्या पंखाने वाचतो, आणि डुलकी लागली तर मान कलंडत नाही.

इंग्रज इथे आला तेव्हा उकाड्यापुढे त्यालाही शहाणपण आलं. सागवानी सांगाडा, पाठीला आणि बैठकीला विणलेला वेत, आणि पाय पसरून ठेवता येतील असे लांबलचक हात. ही आपली आरामखुर्ची. डाकबंगले, रेल्वेच्या वेटिंग रूम, साहेब लोकांचे व्हरांडे, सगळीकडे ती होती. वेताच्या अष्टकोनी भोकांतून वारा आरपार जातो. दिसायला तर राजबिंडी. पण घरात वडीलधाऱ्यांसाठी घेणार असाल तर थांबा. तिची बैठक खाली आणि मागे उतरती असते. बसणं सोपं, उठणं महाकठीण. तरुण माणसाने रविवारी दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपायला ती उत्तम.

नानांसारख्यांसाठी मोजमाप साधं आहे. बसल्यावर तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. बैठक साधारण १८ इंच, गुडघे फारच दुखत असतील तर इंचभर जास्त. पाठ टेकवल्यावर पोटरी आणि बैठकीच्या कडेमध्ये तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात. विंगबॅकची बैठक अनेकदा आपल्या माणसांना खोल पडते, मग मागे उशी घालावी लागते. आणि हात भक्कम हवेत. दोन्ही हातांवर भार देऊन उठता आलं पाहिजे, हात डुगडुगला की माणूस गेला.

म्हणजे काय हवं? उंच पाठ, ताठ बैठक, भक्कम हात, सागवान, वेत. थोडा विचार केला तर लक्षात येईल की हे वर्णन जुन्या कचेरीतल्या साहेबाच्या खुर्चीचं आहे. आणि खानदेशात अशा खुर्च्यांना तोटा नव्हता. सातपुड्याचा साग जवळ, आणि १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाल्यावर जळगाव आणि धुळे अशी दोन मुख्यालयं झाली. दोन ठिकाणी कचेऱ्या आल्या म्हणजे टेबलं, कपाटं, खुर्च्या दोन ठिकाणी आल्याच.

अशीच एक खुर्ची आम्हाला एका दुकानात सापडली. दुकानाचं नाव नको. मालकाने किंमत सांगितली २२ हजार, आणि गोष्टही सांगितली, "इंग्रज कलेक्टरच्या बंगल्यातली आहे साहेब, लंडनहून आलेली." आमच्याबरोबर धुळ्याचे एक मिस्तरी होते, चाळीस वर्षं रंधा हातात धरलेले. ते काही बोलले नाहीत. खुर्ची उलटी केली आणि बैठकीच्या खाली बोटं फिरवली.

जुन्या खुर्चीचं सगळं खरं तिच्या पोटाखाली असतं, हे मी त्या दिवशी शिकलो. वरून पॉलिश कसंही चमकवता येतं, खाली कोणी मेहनत घेत नाही. हाताच्या रंध्याने केलेलं लाकूड अगदी सपाट नसतं, बोटांना हलक्या लाटा लागतात. मशीनचं लाकूड काचेसारखं लागतं. सांधे बघायचे. कुसू आणि भोक करून लाकडी खुंटीने आवळलेला सांधा की नुसते खिळे आणि फेव्हिकॉल? स्क्रू बघायचे. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३०च्या दशकात अमेरिकेत आला. 'शंभर वर्षं जुन्या' खुर्चीत सगळेच तसले स्क्रू असतील तर एक तर ती उघडून पुन्हा जोडलेली आहे, नाहीतर विकणारा थाप मारतोय. वेत बघायचा. हाताने विणलेल्या खुर्चीला चौकटीत कडेने ओळीने भोकं असतात आणि एकेक पट्टी त्यांतून ओवलेली असते. तयार जाळीचा तुकडा असेल तर तो खाचेत दाबून बसवलेला असतो. आणि खुर्ची आपटून बघायची, खाली पिठासारखा भुगा पडला तर कीड आत जिवंत आहे. गादीची जुनी खुर्ची असेल तर शिवणीत ढेकूण बघा, याला लाजू नका. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या. ढेकूण घरी आला की तुम्हाला येईल त्यापेक्षा तो कमीच असेल.

मिस्तरी शेवटी बोलले, पण शेजारच्या दुसऱ्याच खुर्चीकडे बोट दाखवून, "हाई लाकूड जुनं शे, पन खुर्ची नवी शे." हा प्रकार सध्या फार चालतो. गावोगावचे वाडे पडताहेत. त्यांच्या तुळया, खांब, दारं विकत घेऊन त्यातून 'अँटिक' खुर्च्या घडवतात. यात पाप काही नाही, उलट मुरलेलं सागवान मिळतं. पण मग पैसे लाकडाचे द्या, इतिहासाचे देऊ नका. तसंही आपल्या कायद्यात, म्हणजे १९७२च्या पुरावशेष कायद्यात, वस्तू किमान शंभर वर्षांची असल्याशिवाय तिला पुरावशेष म्हणत नाहीत. दुकानातल्या बहुतेक 'अँटिक' खुर्च्या माझ्या वडिलांपेक्षा लहान असतात.

ती २२ हजारांची खुर्ची मात्र खरी निघाली. पाठीच्या वरच्या पट्टीवर, मागच्या बाजूने, एक आयताकृती भाग ताजा खरवडून पॉलिश केलेला होता. बाकी लाकूड काळपट आणि तो तुकडा मधासारखा. आणि बैठकीखाली, पुढच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, पुसट पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये इंग्रजीत 'ई. के.' आणि पुढे आकडे. शेवटचे उडालेले.

ई. के. म्हणजे ईस्ट खानदेश. हे नाव १९०६ ते १९६० इतकंच चाललं, महाराष्ट्र झाला त्या वर्षी पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला. म्हणजे त्या दोन अक्षरांनी खुर्चीचं वय आणि पत्ता दोन्ही सांगितले. भुसावळकडच्या एखाद्या खुर्चीवर 'जी. आय. पी.' दिसलं तर तेही असंच वाचायचं. ती रेल्वे कंपनी १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे खुर्ची त्याच्या आधीची. लंडनबिंडन काही नाही. आपल्याच जिल्ह्याच्या पैशातून घेतलेली ती खुर्ची.

नाना हे सगळं बघत होते. ते एका तालुक्याच्या कचेरीत ३३ वर्षं शिपाई होते. अक्षर चांगलं म्हणून फर्निचरवर नंबर टाकायचं काम त्यांच्याकडेच असायचं. मार्च संपला की जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर बाहेर निघायचं, कारकून एकेक वस्तू वाचायचा आणि नाना पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मागून. त्यांनी खुर्ची हाताने चाचपली आणि म्हणाले, "खालचा नंबर माझ्याआधीचा शे." मागच्या खरवडलेल्या जागेवर बोट फिरवलं. त्याबद्दल काही बोलले नाहीत.

घरी येताना एरंडोलपर्यंत मात्र बोलत होते. कुणाला कोणती खुर्ची याचे कचेरीत न लिहिलेले नियम होते. कनिष्ठ कारकुनाला बिनहाताची. अव्वल कारकुनाला हाताची. साहेबाला हाताची, उंच पाठीची, आणि पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल. टॉवेल रोज धुतलेला पाहिजे. शिपायाला दाराबाहेर स्टूल. कारकुनाची बढती झाली की आधी खुर्ची बदलायची, मग पगार. मी विचारलं, "नाना, कधी साहेब नसताना बसून बघितलं नाही?" तर म्हणाले, "पुसता पुसता सगळी पाठ व्हयनी, बसाले काय लागतं?"

आपण 'खुर्ची' हा शब्द सत्तेसाठी उगाच वापरत नाही. आजही गावात सरपंचपदाची खुर्ची बाईच्या नावावर असते आणि बसलेला असतो तिचा नवरा. असो, तो विषय वेगळा आहे, त्यावर मागे लिहिलंय.

मुद्द्यावर येतो. सरकारी खुर्ची दुकानात आली कशी? चोरून आली असं मी म्हणत नाही. रस्ता सरळ आणि कायदेशीर आहे. वस्तू निरुपयोगी झाली की निर्लेखनाचा प्रस्ताव होतो, समिती बघते, किंमत ठरते, लिलाव निघतो आणि जास्त बोली लावणारा पावती घेऊन माल उचलतो. अडचण लिलावात नाही, यादीत आहे. रजिस्टरमध्ये प्रत्येक खुर्चीला नंबर असतो, खरेदीची तारीख असते, किंमत असते. मी एका जुन्या रजिस्टरात एका खुर्चीची किंमत १४ रुपये लिहिलेली बघितली आहे. पण लिलावाच्या नोटिशीत हे काहीच येत नाही. तिथे मोडका पंखा, गंजलेलं कपाट, प्लास्टिकच्या बादल्या आणि सागवानी खुर्च्या एकाच लॉटमध्ये, आणि बोली लागते भंगाराच्या भावाने. ट्रॉली भरली की दुसऱ्या दिवशी नंबर खरवडले जातात आणि खुर्ची लंडनची होते.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. चंदीगड शहर १९५०च्या दशकात उभं राहिलं. ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराने आराखडा केला आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याने तिथल्या कचेऱ्या, विद्यापीठ, कोर्टासाठी खुर्च्या-टेबलं बनवून घेतली. सागवान आणि वेत, बस. उलट्या व्हीसारखे पाय असलेली ती खुर्ची तुम्ही फोटोत पाहिली असेल. पुढे त्या खुर्च्या जुन्या झाल्या, गच्च्यांवर आणि गोदामांत ढीग लागले आणि भंगारात लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्याच खुर्च्या लाखो रुपयांना जाऊ लागल्या. तेव्हा सरकार जागं झालं. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्या फर्निचरच्या विक्रीवर आणि परदेशी पाठवण्यावर बंदी घालणारा आदेश काढला. तरी कायद्याची पंचाईत होतीच, कारण खुर्च्यांना शंभर वर्षं झालेली नाहीत.

त्यातली मला सगळ्यात मजेशीर वाटलेली गोष्ट ही की त्या खुर्च्यांच्या पाठीवर कुठल्यातरी खात्याच्या शिपायाने रंगाने टाकलेला नंबर परदेशातला गिऱ्हाईक आवर्जून शोधतो. तो असला तर माल खरा. आपला दुकानदार जे खरवडतो, तेच तिकडे जपतात.

आपल्या ई. के.च्या खुर्चीला परदेशात कोणी लाखभर देणार नाही, मला तसा भ्रम नाही. एखाद्या मिस्तरीने साहेबाच्या मापाने घडवलेली साधी वस्तू आहे ती. पण हीच कचेरी, हीच वाचनालयं, हेच डाकबंगले आपल्या जिल्ह्याचा इतिहास बघत आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा ज्या ट्रॅव्हलर्स बंगल्यात उतरले, ती जागा आज संदेशभूमी म्हणून लोकांनी जपली आहे. वास्तूचं असं भाग्य कधीतरी उजळतं. सामानाचं क्वचितच, कारण कुठली खुर्ची कुठे होती हे सांगणारा एकच पुरावा असतो. तो रजिस्टरमधला नंबर आणि लाकडावरचा नंबर यांच्या जुळणीत असतो. लाकडावरचा खरवडला की रजिस्टर नुसती रद्दी.

सध्या आपल्या भागातल्या एका तालुक्यात असा लिलाव निघतोय. कार्यालयाचं नाव आत्ता लिहीत नाही, कागद हातात आले की लिहीन. मी तिथे फोन केला, विचारलं की लाकडी सामान किती आहे. उत्तर आलं, "असेल अंदाजे ३ ट्रॉली." खुर्च्या किती, टेबलं किती, कोणत्या सालच्या, काही नाही. ३ ट्रॉली. मी १० रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. नोंदवहीचं अवलोकन करू द्या आणि लॉटमधल्या प्रत्येक वस्तूचा नंबर द्या, एवढीच मागणी आहे. हा अर्ज तुम्हीही करू शकता, त्याला पत्रकार असावं लागत नाही. माझं म्हणणं लिलाव थांबवा असं नाही. सागवान वेगळं काढा, फोटो काढा, यादी लावा. आधी शाळा-वाचनालयांना विचारा, मग विका. सरकारला पैसेही जास्त मिळतील.

आणखी एक धागा. वेताच्या खुर्च्या गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक रोजगारही गेला. अंध मुलांच्या शाळांमधून वेतकाम शिकवलं जायचं, कारण ते बोटांचं काम आहे, आणि सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या विणायला अंध कारागिरांना काम मिळायचं. फोमच्या फिरत्या खुर्च्या आल्या आणि ते थांबलं. मी शोधत होतो तर असे एक गृहस्थ भेटले, वय साठीच्या पुढे. वेत पाण्यात भिजवून मऊ करतात, ओला असतानाच ओढून विणतात आणि वाळला की तो आपोआप ताणला जातो. त्यांनी माझ्याकडून खुर्चीची भोकं मोजून घेतली नाहीत. स्वतः बोट फिरवून मोजली आणि म्हणाले, "एक भोक बुजलंय डाव्या अंगाला, ते आधी मोकळं करून आणा."

ती खुर्ची दुकानातली नाही. २२ हजार माझ्या खिशाला झेपणारे नव्हते, आणि खरवडलेली खुर्ची नानांपुढे ठेवायला मन होईना. पारोळ्याकडच्या एका जुन्या घरातून मिळाली, ४,५०० रुपयांना. वेत फाटलेला, एक हात सैल, पण सांधे खुंटीचे. पाठीवर कुठल्यातरी शाळेचा नंबर आहे, लाल रंगात, अर्धा वाचता येतो. मिस्तरींना सांगितलंय की हात आवळा, पाय बघा, पॉलिश करा, पण तेवढी पट्टी सोडा. नानांनी विचारलं की शाळेनं विकली तेव्हाची पावती आहे का. ती त्या घरातल्या आजींनी शोधून ठेवतो म्हणून सांगितलंय.

तुमच्या घरात, गावच्या वाचनालयात, ग्रामपंचायतीत, सोसायटीच्या कचेरीत अशी नंबराची खुर्ची असेल तर फोटो टाका. समोरून नको, तो सगळेच टाकतात. उलटी करून, पोटाखालून काढा. आणि त्या ३ ट्रॉली कुठल्या तालुक्यात भरताहेत हे कुणाला आधीच माहीत असेल, तर मला मेसेज करा.